आत्याची पाऊणकी

आमच्या आत्याला एकच पाढा यायचा, आणि तोही पाऊणकीचा. बेचा पाढा ती बे सक बारापर्यंत कसाबसा म्हणायची आणि पुढे हसून सोडून द्यायची. पण एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, असं एकदा सुरू झालं की पंधरा पाऊण सव्वाअकरापर्यंत ती श्वासही घेत नसे. पंधरावर थांबायची. लहानपणी मला वाटायचं, पाढे पंधरापर्यंतच असतात. शाळेत बाईंनी बेचा पाढा दहावरच थांबवला तेव्हा मी घरी येऊन तक्रार केली होती.

हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. मी सध्या एम.एस्सी. करते आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आत्मकथन लिहावं असं माझं वय नाही, आणि सांगण्यासारखं काही मोठं मी केलेलंही नाही. पण आत्याचे गुडघे आता दुखतात, तिचं खडकावर जाणं बंद झालं आहे, आणि तिने मला काय दिलं ते तिला स्वतःला माहीत नाही. म्हणून माझ्या अकरावीतला तो हिवाळा इथे लिहून ठेवते.

आमचं घर मढला. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, आणि आईचा अंधेरीच्या मार्केटात मासळीचा गाळा. दोघंही घरात नसायचीच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे घर म्हणजे आत्या. ती बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली होती. का आली ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिचं काम कालवं काढायचं. ओहोटीला पाणी मागे गेलं की किनाऱ्याचे काळे खडक उघडे पडतात, त्यांना शिंपल्यातली कालवं चिकटलेली असतात. आत्या लहान कोयतीने शिंपला फोडायची, आतलं मऊ कालव बोटाने डब्यात टाकायची. काही शिंपले खडकाच्या तुकड्यासकट सुटून यायचे, ते घरी अंगणात बसून फोडायची. टच्, टच्, मग डब्यात थेंब पडल्यासारखा आवाज. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे, पलीकडच्या बंगल्यात कसलं तरी शूटिंग चालू असायचं, तिथून कोणीतरी ओरडायचं, "ओ मावशी, आवाज बंद करा ना जरा!" आत्या ओरडून सांगायची, "तुमचा बंद करा, माझी कालवं ऐकत नायत!" आणि टच्, टच् पुन्हा सुरू. दुपारी तीच कालवं कांद्यावर परतून, कोळी मसाला आणि चिंचेचा कोळ घालून तव्यावर यायची. तांदळाच्या गरम भाकरीबरोबर. अंधेरीच्या कॉलेज कँटीनमध्ये मी पुढे पुष्कळ काही खाल्लं, पण भूक म्हटली की मला आजही तो तवा आठवतो.

पाऊणकी ही खडकावर जाण्यासाठीच होती. ती माझ्या आजोबांनी आत्याला धक्क्यावर बसून शिकवलेली. आज कितवी तिथी ते बघायचं, तिची पाऊणकी करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा मिळवायचे, ती ओहोटीची. दहावीस मिनिटं इकडेतिकडे, पण खडकाला तेवढं चालतं. संध्याकाळी आत्या चुलीपाशी बसून विचारायची, "बाय, उद्या कितवी?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून सांगायची, "चतुर्थी." मग बोटांच्या पेरांवरून तिचा अंगठा फिरायचा. "चार पाऊण तीन. तीन नि सहा नऊ. उद्या नवाला खडक मोकळा." माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर ती वेळ लिहून ठेवायचं काम माझं. का लिहायची कोण जाणे, आत्या कधी विसरत नसे. मला लिहायला आवडायचं, एवढंच.

कॉलेज दुपारचं होतं. मढच्या धक्क्यावरून होडीने वर्सोव्याला, तिथून बसने अंधेरी. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, आणि सायन्सला सगळं इंग्रजीत. गणिताला सबनीस मॅडम होत्या. बारीक अंगकाठी, सुती कुर्ता, खांद्याला कापडी पिशवी, आणि फळ्यावर इतकं स्वच्छ अक्षर की ते पुसताना वाईट वाटावं. वर्गात "सोपं आहे" हे शब्द वापरायचे नाहीत असं त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं. एकदा चुकून तोंडून गेलं तेव्हा त्या थांबून म्हणाल्या, "सॉरी. कोणाला सोपं आहे ते मला काय माहीत!" आता मी स्वतः क्लासमध्ये मुलांना शिकवते, आणि हे पाळणं किती अवघड आहे ते मला रोज कळतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी एक परीक्षा घेतली. वीस प्रश्न. दहा समीकरणं, दहा तक्ते. प्रत्येकापुढे एवढंच लिहायचं की हे लिनियर आहे की नाही, आणि का. लिनियर म्हणजे रेषीय हे मला माहीत होतं. दहावीत रेषीय समीकरणं मी धडाधड सोडवली होती. पण रेषीय या शब्दात रेष आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी समीकरणाच्या तोंडाकडे बघून उत्तरं दिली. y = 3x/4 मध्ये अपूर्णांक दिसला, म्हणजे काहीतरी वाकडं असणार, लिनियर नाही. xy = 6 मध्ये ना वर्ग ना भागाकार, किती साधं, लिनियर. तक्त्यांत तर मी फक्त खालची ओळ बघितली. आकडे सारख्या अंतराने वाढले तर हो, नाहीतर नाही. एका तक्त्यात वर एक, दोन, चार, पाच, आठ होते आणि खाली पाच, आठ, चौदा, सतरा, सव्वीस. वाढ आधी तीन, मग सहा, मग तीन, मग नऊ. मी ठसठशीत अक्षरात "नाही" लिहिलं. वीसपैकी मला सहा मिळाले.

मॅडमनी मला थांबवून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. "प्राची, तुझ्या चौदा चुका नाहीत," त्या म्हणाल्या, "दोनतीनच आहेत, त्याच परत परत केल्यास. हे बरं आहे. पण कोणत्या ते मी सांगणार नाही. तुलाच दिसलं पाहिजे." मग म्हणाल्या, पंधरा दिवसांनी परत परीक्षा घेईन. ज्यांना तेव्हाही जमणार नाही त्यांच्या पालकांना मी बोलावणार आहे, बारावीला गणित सोडा असं सांगायला. "गणित न घेणं हा काही गुन्हा नाही गं. पण पुढचं सगळं यावरच उभं आहे."

त्यांच्यासाठी तो गुन्हा नसेल, पण माझ्यासाठी गणित सुटणं म्हणजे कॉलेज सुटणं होतं. ॲडमिशनच्या वेळी बाबा म्हणाले होते, "जमतंय तोवर शिक. नाय जमलं तर आईचा गाळा हाय, त्यात लाज नाय." ते प्रेमाने म्हणाले होते, आणि गाळ्यात खरंच लाज नाही. पण मला गणित हवं होतं. का हवं होतं ते मला सांगता आलं नसतं. सबनीस मॅडम फळ्यावर बरोबरचं चिन्ह काढायच्या, दोन छोट्या समांतर रेघा, तेव्हा मला काहीतरी खरं होताना दिसायचं. हे बाबांना कोणत्या शब्दांत सांगायचं? घरी मी परीक्षेचं बोललेच नाही.

त्या आठवड्यात प्रतिपदेला आणि द्वितीयेला सकाळी मी आत्याबरोबर खडकावर गेले होते. शुक्रवारी प्रॅक्टिकल सकाळी होतं म्हणून गेले नाही. शनिवारी गेले, रविवारी गेले. रविवारी पंचमी, म्हणजे ओहोटी पावणेदहाला. मी कालवं काढायचं सोडून एका कोरड्या खडकावर वही उघडून बसले होते.

"काय गो," आत्या वाकल्या वाकल्याच म्हणाली, "वहीतून कालवं निघतायत वाटतं आज."

"आत्या, माझी वाट लागली."

मग मी सगळं सांगितलं. सहा मार्क, पंधरा दिवस, पालकांना बोलावणं, सगळं. तिने कोयती थांबवली नाही. शेवटी विचारलं, "ते काय म्हणतेस ते... लिनर. ते काय असतं?"

"एकसारखं वाढतं ते. कागदावर काढलं तर सरळ रेघ येते."

"मग तुला ओळखता का येत नाय?"

तिला तक्ता वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी वहीचं शेवटचं पान उलटलं. तिथे त्या आठवड्याच्या वेळा होत्या. "हे बघ, आपलेच टाइम सांगते. पावणेसात, साडेसात, नऊ, पावणेदहा. आधी पाऊण तास वाढला. मग दीड तास. मग परत पाऊण. वाढ सारखी नाय. म्हणजे तुझी ओहोटी लिनियर नाय."

आता मात्र कोयती थांबली. "माझी ओहोटी काय नाय?"

"सरळ नाय."

"कोण सांगतं? शुक्रवार कुठाय यात?"

"शुक्रवारी मी आले नव्हते ना. प्रॅक्टिकल होतं."

"तू नव्हतीस. समुद्र होता." ती कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "मी सव्वाआठला हितंच होते, याच दगडावर. तुझं प्रॅक्टिकल होतं म्हणून तृतीया काय गावाला गेली?"

मी पानावर बोट ठेवून पुन्हा वाचलं. वेळांच्या वर मीच तिथी लिहिल्या होत्या. एक, दोन, चार, पाच. दोनावरून चारावर मी उडी मारली होती, आणि दोष ओहोटीला देत होते. दोन तिथींत दीड तास म्हणजे एका तिथीला पाऊणच. मी परीक्षेचा कागद काढला. वर एक, दोन, चार, पाच, आठ. जिथे एकाने वाढलं तिथे खाली तीन, जिथे दोनाने तिथे सहा, जिथे तिनाने तिथे नऊ. प्रत्येक घराला तीन. सरळ, अगदी सरळ. मी दहाही तक्त्यांत वरच्या ओळीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. मग तसंच समीकरणांकडे गेले, आणि मला आधी हसू आणि मग रडू आलं. y = 3x/4. तीन भागिले चार म्हणजे पाऊण! जो पाढा मी पाळण्यातून ऐकत आले त्याला मी वाकडा म्हणून आले होते. त्यात सहा मिळवले की ओहोटी, म्हणजे रेघ तीच, फक्त सहा घरं वर उचललेली. आणि xy = 6? एकाला सहा, दोनाला तीन, तिनाला दोन. आधी तिनाने उतरतं, मग एकाने. ते कुठलं सरळ?

"सापडलं काय?" आत्याने विचारलं.

"सापडलं!"

"मग आता चार कालवं काढ."

पण मला शहाणपण चढलं होतं. आता जगातलं सगळं मला सरळ दिसायला लागलं. मी पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका दगडावर कोयतीने खूण केली. तासाभराने बघितलं, पाणी साधारण वीतभर चढलं होतं. आत्याने टोपली उचलली. "चल, निघू."

"थांब गो. तासाला एक वीत चढतंय. आपल्यामागची, किनाऱ्याच्या वाटेवरची खाच कंबरभर भरायला चार तास तरी लागतील. मी हिशेब केलाय."

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी तेव्हा कौतुक समजले. "बस मग," ती म्हणाली, आणि स्वतः खाच ओलांडून किनाऱ्याकडच्या उंच खडकावर जाऊन बसली. मी डोकं खाली घालून समीकरणं तपासत राहिले. दुसरा तास भरायच्या आतच पायाला गार लागलं. मागे वळले तर खाच भरली होती. मी उतरले तर गुडघ्यापर्यंत, दोन पावलांत मांडीपर्यंत. वही डोक्यावर धरून, एका हाताने तोल सावरत मी पलीकडे आले तेव्हा आत्या हात पुढे करून उभीच होती, आणि इतकी हसत होती की तिलाच कोणीतरी धरायला हवं होतं. तिने माझ्यावरची नजर एकदाही काढली नव्हती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. खाचेत काय होणार ते तिला माहीत होतं, आणि मला किती पाणी झेपेल तेही.

"घड्याळ सरळ चालतं, बाय," मला वर ओढत ती म्हणाली. "पाणी नाय. पाणी आधी लाजतं, मग धावतं, मग दमतं."

सोमवारी कॉलेजला सुट्टी होती. मी धक्क्याच्या खांबाशी बांबू उभा केला आणि ओहोटीपासून भरतीपर्यंत दर तासाला वीत मोजली. थोडं कमीजास्त धरून पहिल्या तासाअखेर एकूण एक वीत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला सहा, चौथ्याला नऊ, पाचव्याला अकरा, सहाव्याला बारा. मधल्या दोन तासांची वाढ बघितली तर तीन आणि तीन, अगदी सरळ वाटावं. पूर्ण बघितलं तर लाजणं, धावणं, दमणं, तिन्ही तिथे होतं. गावातली पोरं विचारत होती, "प्राची, मासे पकडतेस की बांबू?" मी म्हटलं, "पाणी पकडतेय."

दुसऱ्या परीक्षेत एकोणीस प्रश्न तसेच होते. विसावा नवा होता. तुमच्या आजूबाजूचा एक लिनियर आणि एक लिनियर नसलेला तक्ता लिहा. बाकीची मुलं रिक्षाचं मीटर, मोबाईलचं चार्जिंग असं काय काय लिहीत होती. माझं पेन बराच वेळ अडून राहिलं. गणिताच्या पेपरात तिथी लिहावी का? मॅडमना ते अडाणीपणाचं वाटलं तर? कालवं या शब्दाला इंग्रजी काय तेही मला आठवेना. शेवटी मराठीतच लिहिलं. वर तिथी, खाली ओहोटीची वेळ, तृतीयेसकट. शेजारी y = 3x/4 + 6, आणि कंसात 'आत्याची पाऊणकी, अधिक सहा'. त्याखाली बांबूवरचं पाणी. आणि कारण म्हणून, दुसरं काही सुचेना तेव्हा, आत्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. घड्याळ सरळ चालतं, पाणी नाही.

पेपर मिळाला त्या दिवशी मी होडीत बसेपर्यंत तो उघडला नाही. वीसपैकी अठरा होते. घरी आले तेव्हा बाबा जाळं शिवत होते. मी सगळं सांगितलं, आधीचे सहासुद्धा. त्यांनी पेपर उलटासुलटा करून बघितला, लाल अठरावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "मग गाळा आईचाच राहू दे." एवढंच. पण पेपर परत देताना त्यांनी आधी हात पुसले.

आत्या अंगणात शिंपले फोडत होती. "अठरा?" तिने विचारलं. "मग दोन कुठे गेले? त्या दिवशी पण प्रॅक्टिकल होतं काय?"

"ते जाऊ दे. इथे मॅडमनी काय लिहिलंय ते ऐक." विसाव्या उत्तराच्या बाजूला, त्या फळ्यावरच्यासारख्याच स्वच्छ अक्षरात दोन ओळी होत्या. मी वाचल्या. "मला पाऊणकी येत नाही. तुझ्या आत्यांना विचारून मला लिहून आणशील का?"

टच्, टच् थांबलं.

"बाईंना येत नाय?"

"नाय."

"एवढ्या शिकल्या नि पाऊणकी येत नाय?"

"नाय ना गो."

आत्या उठली. रांजणावर जाऊन तिने हात धुतले, कोपरापर्यंत, देवाला हात लावायच्या आधी धुवावेत तसे. लुगड्याच्या पदराला पुसले. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली, आणि मी तिला कधी इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"लिही. एक पाऊण पाऊण. दोन पाऊण दीड."

मी लिहीत गेले. प्रत्येक ओळ झाली की ती वाकून कागदावर बघायची, जणू बरोबर उतरलं की नाही ते तिला वाचता येत होतं. चौदा पाऊण साडेदहा. पंधरा पाऊण सव्वाअकरा.

"पुढे?" मी विचारलं.

"बस. पुढे समुद्राला लागत नाय." तिने कोयती पुन्हा हातात घेतली, एक शिंपला उचलला, आणि मग थांबून म्हणाली, "बाईंना लागली तर त्यांना म्हणावं, पुढची तुम्ही करा. सरळच हाय."